रेडमंडात पहिलं बॅलट आलंय, हे पोर्ट कमिशनर आणि हॉस्पिटल कमिशनर कोण असतात?

आळूवडी (१८ ऑक्टोबर २०२५)

मंडळी, आम्ही सिअ‍ॅटलजवळ रेडमंडला राहतो, मी मार्चमध्ये अमेरिकेची सिटिझन झाले, शपथ घेतली, झेंडा हातात धरून फोटो काढला आणि नंतर विसरले. आता परवा टपालात बॅलटचं (मतपत्रिकेचं) जाडजूड पाकीट आलंय. मला वाटलं दोन नावं असतील, एक गोल काळा करायचा, झालं. उघडलं तर ही लांबच लांब यादी! किंग काऊंटी एक्झिक्युटिव्ह, काऊंटी कौन्सिल, सिटी कौन्सिल, शाळेचं बोर्ड, पोर्टचे कमिशनर, हॉस्पिटल डिस्ट्रिक्टचे कमिशनर, वर राज्याच्या घटनेत दुरुस्ती करायची का ते पण मलाच विचारलंय. यातला एकही माणूस मला माहीत नाही. नवरा अजून ग्रीनकार्डवर, तो नुसता खांद्यावरून डोकावून "हॉस्पिटलला कशाला इलेक्शन, तिथे डॉक्टर निवडायचा असतो" असे शेरे मारतोय.

टेबलावर बॅलट, शेजारी ती माहितीपुस्तिका, आणि फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली प्रॉपर्टी टॅक्सचा ऑक्टोबरचा स्टब (आमचं एस्क्रो नाही, म्हणजे बँक हप्त्यातून परस्पर भरत नाही, हाताने भरतो). सगळं एकदमच आलंय. कोणीतरी समजावून सांगा प्लीज, अगदी बालवाडीपासून.

सिअ‍ॅटलचा_पाऊस

अभिनंदन! पहिली गोष्ट, घाबरू नका, सगळे गोल काळे करायलाच पाहिजेत असं नाही. जे कळत नाही ते कोरं सोडा, बाकीचं मत बाद होत नाही.

पेठेतला

वाचतोय. काऊंटी एक्झिक्युटिव्ह म्हणजे आपला कलेक्टर का?

तिरकीट

@पेठेतला, कलेक्टर आणि झेडपी अध्यक्ष एका डब्यात घालून हलवले तर जे होईल ते, आणि वर तो निवडून आलेला. मी इथे रेंटनला २००१ पासून आहे, सिटिझन झाल्यापासून एकही निवडणूक चुकवली नाही, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

किंग काऊंटीत ३९ शहरं आहेत, लोकसंख्या २३ लाखाच्या आसपास. सिअ‍ॅटल, बेलव्ह्यू, रेडमंड, रेंटन सगळे त्यातच. मेट्रोच्या बसेस काऊंटीच्या, जेल काऊंटीचं, सार्वजनिक आरोग्य काऊंटीचं, सांडपाण्याची मोठी केंद्रं काऊंटीची, तुमच्या घराची किंमत ठरवणारा असेसर काऊंटीचा, आणि हे बॅलट पाठवणारं खातंही काऊंटीचंच. त्या खात्याची प्रमुख सुद्धा निवडून येते. म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याचीच निवडणूक. शेषनसाहेबांना मतं मागत फिरताना डोळ्यासमोर आणा.

यंदा एक्झिक्युटिव्हची जागा खुली आहे हे मोठं कारण. डाउ कॉन्स्टंटाइन २००९ पासून होते, ते आता साऊंड ट्रान्झिटचे (इथली ट्रेन चालवणारी संस्था) सीईओ होऊन गेले. आता गिरमाय झाहिलाय विरुद्ध क्लॉडिया बाल्डुची. दोघंही काऊंटी कौन्सिलवरचे. बाल्डुची पूर्वी बेलव्ह्यूच्या महापौर होत्या, तुमच्या रेडमंडपर्यंत आलेल्या ट्रेनमागे बरीच वर्षं लागून होत्या. झाहिलाय सुदानमध्ये जन्मलेले, आईवडील इथिओपियातले निर्वासित. साऊंड ट्रान्झिटच्या बोर्डावर किंग काऊंटीचे लोक कोण बसणार हे एक्झिक्युटिव्ह ठरवतो, कौन्सिलने मान्यता द्यायची. त्यामुळे ट्रेनने ऑफिसला जाणाऱ्याने "मला काय करायचंय काऊंटीशी" म्हणू नये.

पोर्ट म्हणजे नुसती जहाजं नव्हेत, सी-टॅक विमानतळ त्यांचा. पाच कमिशनर, अख्ख्या काऊंटीतून निवडून येतात, आणि तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सात त्यांची एक ओळ असते. आई-बाबा येतात तेव्हा इमिग्रेशनच्या रांगेत तुम्ही ज्या इमारतीला शिव्या देता, ती ज्यांच्या ताब्यात आहे ते हे लोक.

आळूवडी

तिरकीट, तुम्ही क्लास घेता का? पोर्टचं ऐकून नवरा गप्प झाला. आणि हॉस्पिटल?

तिरकीट

कर्कलंडचं एव्हरग्रीन हे सरकारी हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट आहे, किंग काऊंटी पब्लिक हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट नंबर २. तुमच्या टॅक्सच्या कागदावर बघा, त्यांची पण ओळ सापडेल. ज्याची ओळ टॅक्सात त्याचा गोल बॅलटवर, असं ढोबळमानाने धरून चाला. डॉक्टर नाही निवडायचा, पैसे कुठे लावायचे ते ठरवणारी माणसं निवडायची.

शांबर्गचे_नाना

तुम्ही एवढ्याला लांबच लांब म्हणता? इकडे शिकागोच्या कुक काऊंटीत या एकदा. आमच्याकडे सम वर्षी न्यायाधीशांची यादी येते, आधीच खुर्चीवर असलेला जज्ज ठेवायचा का घालवायचा, हो किंवा नाही. डझनावारी नावं. ६० टक्के हो मिळाले तर राहतो. मी पहिल्या वर्षी प्रामाणिकपणे एकेकाचं रेकॉर्ड वाचायला बसलो, रात्री दीडला बायकोने दिवा घालवला. दुसऱ्या वर्षी वकील संघटनांच्या शिफारशींचा तक्ता छापून नेला.

बाकी एक सुख आहे, आमच्याकडे बॅलट हिंदीत मिळतं.

पेठेतला

मराठीत मिळेल तेव्हा सांगा, तोवर आमची पसंती नोटा.

सिअ‍ॅटलचा_पाऊस

किंग काऊंटीत चिनी, कोरियन, व्हिएतनामी, स्पॅनिश, रशियन आणि सोमाली आहे. भारतीय भाषा एकही नाही, आणि मायक्रोसॉफ्टच्या कॅफेटेरियात रांगेत उभं राहिलं तर चार भारतीय भाषा कानावर पडतात. आपले लोक इंग्रजीत भागवून घेतात म्हणून असेल.

एच४_वाली

धागा वाचून थोडं वाईटच वाटलं. आम्ही अकरा वर्षं इथे, सॅमॅमिशला घर, दोन पोरं सरकारी शाळेत, टॅक्स वर्षातून दोनदा न चुकता, आणि ग्रीनकार्डची रांग अशी की मोठा लेक १८ चा होऊन मत टाकेल (तो इथे जन्मलाय) आणि आम्ही त्याला सोडायला मतांच्या ड्रॉप बॉक्सपर्यंत जाऊ. शाळेची लेव्ही (लोकांच्या मताने लावायचा जादा प्रॉपर्टी टॅक्स) पास व्हावी म्हणून मीच शेजारणींना सांगत फिरते, मत मात्र त्या टाकणार.

काडीवाला

भारतात तुमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण ते माहिती होतं का? इथलंच दुःख का? ह.घ्या. (हलके घ्या)

एच४_वाली

@काडीवाला, माहिती होतं. आमच्या गल्लीतच राहायचे, पाणी आलं नाही की आई त्यांच्या दारात बादली घेऊन जायची.

तिरकीट

@एच४_वाली, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, पण एक गोष्ट कळकळीने सांगतो, हा धागा वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. लायसन्स काढताना किंवा कुठेही कोणी टेबल टाकून बसला असेल आणि मतदार नोंदणी करता का विचारलं, तर सिटिझन नसाल तर स्पष्ट नाही म्हणा. चुकून टिक केली, "मला कळलं नाही" म्हटलं तरी पुढे सिटिझनशिपच्या अर्जात ते भूत उभं राहतं. मत टाकलं तर विचारूच नका. ग्रीनकार्डवाल्यांनाही हेच लागू.

उमेदवाराला पैसे द्यायचे तरी ग्रीनकार्ड लागतं, एच१ एच४ व्हिसावाल्यांनी एक डॉलरही देऊ नये. फुकट मदत मात्र करू शकता, पाकिटं भरणं, दारोदार जाणं वगैरे. आणि सिटी कौन्सिलच्या सभेत दोन-तीन मिनिटं बोलायला मिळतं तिथे व्हिसा कोणी विचारत नाही. मी आमच्या गल्लीच्या फुटपाथसाठी तीनदा बोललो. फुटपाथ झाला, सहा वर्षांनी झाला, पण झाला.

सिअ‍ॅटलचा_पाऊस

यात भर. सिअ‍ॅटल शहराच्या हद्दीत राहणाऱ्या ग्रीनकार्डवाल्यांना डेमॉक्रसी व्हाऊचर मिळतं. प्रत्येकी २५ डॉलरची चार, २०१५ मध्ये लोकांनीच मतदानाने मंजूर केलं, २०१७ पासून चालू. आपल्या आवडत्या शहर पातळीच्या उमेदवाराला द्यायचं, तो शहराकडून पैसे घेतो. म्हणजे मत नाही पण १०० डॉलर आहेत. माझा रूममेट दर वेळी फार ऐटीत देतो, उमेदवार दारात आले की चहा विचारतो. रेडमंड, बेलव्ह्यूवाल्यांना नाही हं हे.

आळूवडी

बरं, अजून एक. रेडमंडच्या कौन्सिलच्या जागा दिसल्या पण महापौर नाही दिसला. बेलव्ह्यूची मैत्रीण म्हणते त्यांच्याकडे महापौर कधीच बॅलटवर नसतो. असं कसं?

तिरकीट

रेडमंडचा महापौर थेट लोकांतून येतो, त्याची निवडणूक २०२३ ला झाली, पुढची २०२७ ला. बेलव्ह्यूत नगरसेवक आपल्यातलाच एक महापौर म्हणून निवडतात आणि रोजचा कारभार नेमलेला सिटी मॅनेजर बघतो, म्हणजे आपले पालिका आयुक्त. कर्कलंड, सॅमॅमिश पण तसंच.

पेठेतला

म्हणजे आमच्याकडचा थेट नगराध्यक्ष का नगरसेवकांतून नगराध्यक्ष हाच घोळ. फरक एवढाच की आमच्याकडे सरकार बदललं की पद्धत बदलते. आणि मुळात निवडणूक होणं हेच भाग्य, पुणे काय मुंबई काय, मार्च २०२२ पासून प्रशासक बसलेत, मत टाकायला नगरसेवक नाही, शिव्या द्यायलाही नाही. तुम्ही निदान हॉस्पिटलचा कमिशनर तरी निवडताय, निवडा बापडे.

भाकरी_आणि_भाडं

आता मी जरा वाईटपणा घेतो. हे सगळं छान छान चाललंय पण त्या बॅलटच्या तळाशी असलेली लेव्ही कोणी वाचली का? दर निवडणुकीत एक तरी लेव्ही असतेच. ऑगस्टात पार्कची पास केलीत, आता अ‍ॅम्ब्युलन्सची. दर वेळी "फक्त इतके सेंट" म्हणतात. सेंट सेंट करत आमचं भाडं वाढतं, कारण घरमालक टॅक्स भाड्यातच टाकतो. आपले लोक गोंडस नाव दिसलं की हो करतात, शाळा हो, पार्क हो, बाळं हो, म्हातारे हो.

तिरकीट

मुद्दा रास्त आहे, पण कारण सांगतो. वॉशिंग्टनमध्ये नियम असा की शहर किंवा काऊंटी आपला नेहमीचा प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला एकूण १ टक्क्याच्या वर वाढवू शकत नाही (नवीन बांधकाम सोडून). २००१ ला लोकांनी मतदानाने आणलं, कोर्टात पडलं, २००७ ला विधिमंडळाने परत आणलं. महागाई १ टक्क्यात बसत नाही हे आपल्या किराणा बिलावरून कळतंच. त्यामुळे जास्त पैसे लागले की दर वेळी लोकांपुढे झोळी घेऊन यावं लागतं. झोळीवाल्यांनाच शिव्या द्यायच्या की झोळी देणाऱ्या नियमाला, तुम्ही ठरवा.

अ‍ॅम्ब्युलन्सची लेव्ही म्हणजे मेडिक वन. हजार डॉलर किमतीमागे २५ सेंट, सहा वर्षं. दहा लाखाच्या घराला वर्षाला २५० डॉलर. मी डोळे मिटून हो करतो. माझ्या वडिलांना २०१४ ला रात्री घरी छातीत कळ आली तेव्हा माणसं किती मिनिटांत आली ते घड्याळात बघायचं भान नव्हतं, पण मी गेटचं लॅच काढून परत आत वळेपर्यंत गाडी दारात होती. वडील पुढे सात वर्षं होते.

भाकरी_आणि_भाडं

या लेव्हीला मीही हो करणार होतोच. मुद्दा एकूण बेरजेचा होता.

काडीवाला

कोणीच क्षमा सावंतचं नाव काढलं नाही अजून? मराठी फोरम ना हा?

सिअ‍ॅटलचा_पाऊस

आलास का. ठीक आहे, निवडणुकीपुरतं सांगतो. जन्म पुण्याचा, वाढल्या मुंबईत, २०१३ ला सिअ‍ॅटल कौन्सिलवर निवडून आल्या, उघड समाजवादी म्हणून. १५ डॉलर किमान वेतनाच्या लढ्यात पुढे. २०१९ ला अ‍ॅमेझॉनने कौन्सिलच्या निवडणुकीत साधारण १५ लाख डॉलर ओतले, तरी त्या जिंकल्या. २०२१ ला त्यांना परत बोलवायची निवडणूक झाली, ३१० मतांनी वाचल्या. ३१०! आमच्या दोन अपार्टमेंट बिल्डिंगा मिळून जास्त माणसं राहतात. २०२३ ला परत उभ्या राहिल्या नाहीत.

मजा म्हणजे २०१३ आणि २०१९ दोन्ही वेळा पहिल्या रात्रीच्या मोजणीत त्या चांगल्याच मागे होत्या. इथे मतं टपालाने येतात, तारखेचा शिक्का निवडणुकीच्या दिवसाचा असला की पुरे, त्यामुळे पुढचे कित्येक दिवस मोजणी चालूच. शेवटच्या दिवशी पेटीत टाकणारे तरुण, भाडेकरू, डावीकडे झुकलेले जास्त असतात. म्हणून पहिल्या रात्री पेढे वाटायचे नसतात.

काडीवाला

आणि जातीचा कायदा?

सिअ‍ॅटलचा_पाऊस

फेब्रुवारी २०२३, ६ विरुद्ध १, जातीवरून भेदभावाला बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर. त्यांनीच आणला. मी बाजूने होतो, माझा सख्खा मावसभाऊ विरुद्ध होता, दिवाळीला एका ताटात जेवलो आणि विषय काढला नाही. इथेही नको, वेगळा धागा काढ.

शांबर्गचे_नाना

पॉपकॉर्न परत डब्यात भरले.

आळूवडी (२ नोव्हेंबर)

भरलं एकदाचं! शनिवारी दुपारी चहा घेऊन बसले, पुस्तिका वाचली, दोन जागा कोऱ्या सोडल्या (एकाला तर विरोधकच नव्हता). शाळेच्या बोर्डाला सर्वात जास्त वेळ लागला, कारण तिथे दोघंही शहाणे वाटत होते. लेक म्हणाली आई तू परीक्षेला बसलीस का. मग पाकिटावर सही, आणि लायब्ररीजवळच्या पेटीत नेऊन टाकलं. टपालालाही तिकीट लागत नाही पण पेटीत टाकताना जो धप्प आवाज येतो तो पाहिजे होता. नवऱ्याने व्हिडिओ काढला, सांगलीला पाठवला.

तिरकीट

शाब्बास. वेबसाइटवर ट्रॅक करता येतं, सही जुळली का बघत राहा.

आळूवडी (८ नोव्हेंबर)

तिरकीट तुमच्या तोंडात साखर पडो का काय म्हणू. पत्र आलंय, सही जुळत नाही!! चूक माझीच. पहिलं मत, अंगात आलं, मी पाकिटावर चक्क देवनागरीत सही ठोकली, आजीने शिकवलेली, शेवटी खालून रेघ ओढून दोन टिंबं देते ती. लायसन्सवर माझी ती घाईतली इंग्रजी गिरगोट. आता काय, मत गेलं का?

तिरकीट

काही गेलं नाही. पत्रातल्या फॉर्मवर सही करून लगेच परत पाठवा, निकाल सर्टिफाय (अधिकृत) व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत वेळ असतो. यंदा सर्टिफिकेशन २५ नोव्हेंबरला आहे. पण २४ ची वाट बघू नका.

हसू नका कोणी. २००४ ला इथली गव्हर्नरची निवडणूक हाताने फेरमोजणी होऊन १२९ मतांवर ठरली, सगळ्या राज्यात मिळून. तेव्हा किंग काऊंटीत सहीवरून बाजूला पडलेली काहीशे मतं परत घ्यायची की नाही यावर राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत भांडणं झाली. रेंटनच्या मोजणी केंद्रात काचेबाहेरून कोणालाही बघता येतं, मी एकदा सुट्टी काढून गेलो होतो. एक बाई स्क्रीनवर दोन सह्या शेजारी शेजारी ठेवून बघत होती, एकीच्या "जी" ची शेपटी, दुसरीच्या "जी" ची शेपटी. दहा मिनिटं उभा होतो, कंटाळा नाही आला.

पेठेतला

दोन टिंबं कशाची असतात हो?

आळूवडी

आजीच्याही सहीत होती, तिलाही माहीत नव्हतं.

सिअ‍ॅटलचा_पाऊस (१४ नोव्हेंबर)

इकडे सिअ‍ॅटल शहरात काय झालं पाहिलंत ना? महापौर ब्रूस हॅरल पहिल्या रात्री सात टक्क्यांच्या आसपास पुढे. केटी विल्सन, बसच्या प्रवाशांची संघटना काढणारी बाई, मागे. मग रोज दुपारी चारच्या सुमाराला नवा आकडा, रोज फरक कमी. सोमवारी ती पुढे गेली, काल हॅरलनी हार मानली. दोन हजार मतांच्या आसपासचा खेळ आहे, शहरात पावणेतीन लाख लोकांनी मत टाकलंय. आमच्या ऑफिसात चार वाजता कोणी मीटिंग ठेवत नव्हतं.

शांबर्गचे_नाना

आणि काऊंटीचा?

सिअ‍ॅटलचा_पाऊस

झाहिलाय. तिथे थरार नव्हता. आणि त्यांची ही टर्म तीनच वर्षांची, कारण २०२२ ला लोकांनी काऊंटीच्या निवडणुका सम वर्षी न्यायचं ठरवलं, अध्यक्षपदाच्या वेळी गर्दी जास्त असते म्हणून. विषम वर्षी निम्मे लोकसुद्धा पाकीट परत पाठवत नाहीत, घरपोच येऊन, तिकीट फुकट असून.

भाकरी_आणि_भाडं

माझंही यंदा ४ तारखेला रात्री पावणेआठला गेलं पेटीत. आठला कुलूप. माझ्या मागे अजून पाच गाड्या होत्या, एक बाई बॉनेटवर ठेवून गोल भरत होती.

एच४_वाली

मेडिक वन पास झालं ना?

तिरकीट

दणक्यात.

आळूवडी (२१ नोव्हेंबर)

अपडेट: फॉर्म पोचला, ट्रॅकरवर माझं मत मोजलं असं आलं. नवऱ्याने स्क्रीनशॉट फ्रेम करायचा म्हटलंय. शाळेच्या बोर्डावर मी जिला मत दिलं ती पडली, एवढा वेळ वाचून. चालायचंच. आणि लायसन्स रिन्यू करताना आता सही देवनागरीतच करणार, टिंबांसकट.

भाकरी_आणि_भाडं

आळूवडी, एक विचारू? तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये फ्रिजवर प्रॉपर्टी टॅक्सचा ऑक्टोबरचा स्टब होता. ३१ तारीख होती त्याची. भरलात ना?

आळूवडी

अगं आई गं.

आळूवडी

मतदानाची पुस्तिका लावली होती त्याच्यावर. त्याच गणपतीखाली.